शेवटचा मणी

नऊ मणी दोरीत गेले. दहावा मल्हारने उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत डब्यात टाकला.

"परत तेच," गौरी मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहिलं: टास्क अपूर्ण.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका थेरपी सेंटरमध्ये मी हेल्पर आहे. मुलांना आत आणायचं, सामान काढून द्यायचं, कुणी पळालं तर धरायचं. शिक्षण आठवी, तेही उदगीरजवळच्या गावात. दिवा स्टेशनजवळ खोली घेतली तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. मॅडमनी कितवी झाली ते न विचारता कामावर ठेवलं. त्यामुळे त्यांचा शब्द मी खाली पडू देत नाही. आणि आपण काही चुकीचं बोलून बसू, ही धास्ती कायम असते.

मल्हार सहा वर्षांचा, बाळकुमचा. त्याला ऑटिझम आहे. अशा बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतात. मॅडम त्याला सेन्सरी त्रास म्हणतात. मिक्सर लागला की आपण बोलायचं थांबतो, मल्हार टेबलाखाली जातो. म्हणून आमच्या खोलीतला करकरणारा पंखा बदलला, ट्यूबलाइट काढली. तरी दहावा मणी काही जाईना.

सोमवारी त्याला शाळेत दाखवायचं होतं. साध्या शाळेत. दोन शाळांनी आधीच नाही म्हटलेलं. ही तिसरी. दिलेलं काम पूर्ण करतो का, तेवढं बघणार होते.

"घरी करतो हो मॅडम," त्याची आई म्हणाली. "काल आख्खी माळ ओवली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर गळ्यात घालून बसलेला."

"घरी करतो, असं सगळ्याच आया सांगतात," मॅडम म्हणाल्या. चिडून नाही, दमून.

दुसऱ्या दिवशी मी ठोकळे दिले. शेवटचा ठोकळा ठेवला नाही. चित्राचे तुकडे दिले. शेवटचा तुकडा हातातच. म्हणजे शेवटचा कुठला, ते त्याला बरोबर कळत होतं. मग शेवटच्यानंतर असं काय होतं?

मी होते.

पहिल्या आठवड्यात त्याने दहाच्या दहा मणी ओवलेले. तेव्हा मी "शाब्बास मल्हार!" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. मुलानं काम पूर्ण केलं की कौतुक करायचं, असं मॅडमनी सांगितलेलं. माझे हात शेतात काम केलेले. टाळी फटाक्यासारखी वाजते. घरी त्याची आई गॅलरीत होती, टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं.

दोन दिवस बोलले नाही. माझ्यामुळेच मूल अडलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी शुक्रवारी डबा खाताना धीर केला.

"मॅडम, एक सांगू? रागवू नका."

"अगं बोल ना."

"त्याला माझ्या टाळ्यांची भीती वाटत असेल."

मॅडमचा घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे पंखा बदलला आपण, आणि तू राहिलीसच!"

नोकरी गेली, असं वाटलं. पण त्या हसत होत्या. "माझ्या कसं लक्षात आलं नाही गं? मीही वाजवतेच की."

दुपारी मल्हारसमोर आम्ही दोघी हात मांडीखाली घेऊन बसलो. त्याने दहाव्या मण्याला बराच वेळ लावला. ओवला आणि झटकन कान झाकले. आम्ही गप्प. जरा वेळाने मी हळूच म्हणाले, "झालं." त्याने एक हात काढला. थोडं थांबून दुसरा.

सोमवारी मॅडमना सुट्टी घेता येईना. "तू जा सोबत, त्याला तुझी सवय आहे," म्हणाल्या. प्रिन्सिपल बाईंना त्यांनी फोनवर पंखा, उजेड, घंटा, सगळं सांगितलेलं. टाळीचं सांगायचं राहिलं. ते मला नंतर कळलं.

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. शाळेच्या ऑफिसची मला अजून भीती वाटते. मल्हारने दहावा मणी ओवला. बाईंचा चेहरा खुलला आणि दोन्ही हात वर आले. मी उठले आणि ते हवेतच धरले.

त्याची आई पांढरी पडली.

"माफ करा, बाई. टाळी नको. त्याला लागते."

बाईंनी धरलेल्या हातांकडे बघितलं, मग मल्हारकडे. "बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग काय म्हणायचं असतं?"

"झालं. एवढंच."

त्या वाकल्या. "झालं, मल्हार."

मल्हारने सगळे मणी काढले, डबा त्यांच्याकडे सरकवला. "परत."

प्रवेश मिळाला, तीन महिन्यांच्या ट्रायलवर. रिक्षात त्याची आई रडत होती आणि मध्येच हसत होती, "तुम्ही बाईंचे हातच धरले हो!"

आता नवीन मूल आलं की मी आधी आईला विचारते, याला शाबासकी कशी चालते? बऱ्याच जणी गडबडतात. कशाचा त्रास होतो, ते सगळ्यांनी विचारलेलं असतं. हे कुणी विचारलेलं नसतं.