दाढेवरचा निळा ठिपका

माझ्या पत्नीच्या दाढेविषयी आमच्या घरात ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतली एकही मला मान्य नाही. तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे उरकल्यावर त्या पुन्हा सांगितल्या गेल्या आणि मी भर बैठकीत हरकत घेतली. लोकांनी ती म्हाताऱ्याचा तापटपणा म्हणून सोडून दिली. म्हणून हे लिहितो आहे.

फुलंब्रीचा माझा मेहुणा म्हणतो, दाढ भरण्यातच चूक झाली. किडकी दाढ सरळ उपटून टाकायची. मेहुण्याच्या तोंडात आज पाच दात उरले आहेत, तेवढ्यावरून त्याच्या मताची किंमत करावी. मुलाची कथा अधिक घातक आहे. गारखेड्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ नीट भरली नाही, म्हणून आईला जन्मभर सोसावे लागले, असे तो सांगतो. शेजाऱ्यांना सांगतो, कचेरीत सांगतो. आता त्याच्या बायकोची दाढ किडली आहे, तर घराजवळचा तो दवाखाना सोडून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे त्याने ठरवले आहे. एका कसबी बाईचे नाव आमच्या घरातून दहा-बारा वर्षे खराब होत आले. मुलगा त्या दिवशी दवाखान्यात नव्हता. मी होतो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात साचे तपासणारा होतो. साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही, हे आम्ही निळ्या रंगाने पाहत असू. एका भागाला रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसरा भाग त्यावर टेकवून उचलायचा. रंग सगळीकडे सारखा उमटला तर काम उत्तम. एकाच जागी गडद कडे उमटले आणि त्याच्या मध्यभागी धातू चकाकत राहिला, तर ती जागा उंच आहे, सगळा भार एकटी घेते आहे. बोटाला न जाणवणारा उंचवटा मी दोन हातांवरून ओळखत असे. ही बढाई नव्हे. त्याच कामाचा मला पगार मिळत होता.

निवृत्तीला वर्ष उरले असताना पत्नीची खालची उजवी दाढ किडली. मी दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले, "काकू, कीड नसेच्या अगदी जवळ गेलीय. दाढ कोरताना मी पाणी सोडत राहीन, तापू देणार नाही, खाली औषधाचा थरही देईन. तरी थोडे दिवस थंड-गरम झोंबेल. पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं." इंजेक्शन झाले, दाढ कोरली, पांढरा मसाला भरून त्यावर निळा उजेड धरला. शेवटी वरच्या-खालच्या दाढांमध्ये निळ्या कागदाची चिंधी ठेवून त्या म्हणाल्या, "चावा बरं. उंच लागतंय का?"

पत्नीचा अर्धा जबडा बधिर होता. तिने माझ्याकडे पाहिले. आमच्या घराण्यात डॉक्टरसमोर बाईने बोलायची रीत नव्हती. ताप किती दिवसांचा, भूक लागते की नाही, सगळे नवऱ्याने सांगायचे आणि तिने मान हलवायची. मी वाकून तिच्या उघड्या तोंडात पाहिले. दिव्याखाली दाढ स्वच्छ दिसत होती. पांढऱ्या मसाल्यावर गडद निळे कडे होते आणि त्याच्या मध्यभागी एक ठिपका लख्ख चमकत होता.

मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. कंपनीची बस यायला पंधरा मिनिटे होती.

"बरोबर बसलंय," मी म्हणालो.

"काका, काकूंना सांगू द्या ना. ओली दाढ आहे, खूण पुसली जाते. एकदा परत बघू." त्यांनी कागदाची दुसरी चिंधी उचलली होती.

"तिला आत्ता काय कळणार? अख्खं तोंड बधिर आहे. मी जन्मभर हेच काम केलंय, बाई."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हीच पास केलंत म्हणायचं! पण संध्याकाळी बधिरपणा उतरल्यावर एका जागी टोचलं, तर उद्या या. दोन मिनिटं घासायचं काम आहे." एवढे होईपर्यंत मी पत्नीच्या चपला खुर्चीजवळ सरकवल्या होत्या.

हे असे घडले. यात त्या बाईंची चूक कोणी दाखवावी.

पुढच्या दिवसांत घरात एक आवाज आला आणि राहिला. पाण्याचा पेला ओठांना लागला, की ती दातांतून श्वास आत ओढायची. स्स्. लहानसा आवाज, पण पंख्याच्या घरघरीतूनही ऐकू यायचा. ती माठातले पाणी सोडून कोमट पाणी पिऊ लागली. लिंबाची फोड ताटातून गेली. झोंबऱ्या दातांसाठी असते ती पेस्ट मी आणून दिली आणि कर्तव्य संपले असे मानले. तीन आठवड्यांत पाण्याचे झोंबणे खरोखर कमी झाले. आवाज मात्र थांबला नाही. आता तो भाकरीच्या घासाला येऊ लागला.

"अहो, थंडाचं नाय काही आता. चावलं की कळ जाते, पार कानापर्यंत."

"डॉक्टर बोलल्या होत्या ना, थोडे दिवस लागेल म्हणून."

"त्या थंडाचं बोलल्या होत्या."

"दोन्ही एकच."

"असंल बा. तुमच्या कंपनीत केसाएवढा फरक चालत नाय म्हणं. माझ्या तोंडात लई चालतो."

ती हसत म्हणाली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, पण हसलो नव्हतो असे मी लिहिणार नाही. दोन्ही एक नव्हते. थंडाने झोंबणे म्हणजे दुखावलेली नस शांत होते आहे, तिला वेळ द्यायचा. चावल्यावर कळ येणे म्हणजे भरलेली जागा बहुधा उंच आहे. तिला वेळ देऊन काही होत नाही, तिथे घासावेच लागते. एवढे मला त्या वेळी ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय होती. पण उंच जागेवर भार वाढत जातो आणि शेवटी तिथेच तडा पडतो, हे मी शिकाऊ कामगारांना फळ्यावर चित्र काढून शिकवत होतो.

ती डाव्या बाजूने जेवू लागली. भाकरी वरणात भिजवू लागली. चार महिन्यांनी गाल सुजला, तेव्हा आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी निळा कागद ठेवला, पाहिले, माझ्याकडे न बघता ती जागा घासली. पण आतली नस मेली होती. नसेचे काम, म्हणजे रूट कॅनाल, करावे लागले. दाढेवर संरक्षक टोपी बसण्याआधीच ती चिरली आणि काढावी लागली. त्यानंतर दुखायला काही उरले नव्हते. तरीही ती अखेरपर्यंत डाव्या बाजूनेच जेवली आणि पहिला घास घेताना दातांतून श्वास ओढत राहिली. जिथे दाढच नाही, तिथे काय दुखते, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "दुखत नाय. भ्या वाटतं."

ती गेली ती हृदयाच्या विकाराने. दाढेशी त्याचा संबंध नाही, आणि तसा जोडणाऱ्यालाही मी सोडणार नाही. पण जेवायला बसलो की समोरच्या रिकाम्या पाटाच्या बाजूने तो आवाज येतो. पंखा बंद करून पाहिला. खिडकी लावून पाहिली. पहिल्या घासालाच येतो, दुसऱ्याला नाही. मी आता पहिला घास उशिरा घेतो.

वर्षश्राद्धानंतर तिसऱ्या दिवशी मी एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे झाले आहेत. मी त्यांना सांगितले, की तो ठिपका मी पाहिला होता आणि बस चुकेल म्हणून घड्याळ बघून खोटे बोललो.

त्या बराच वेळ हातमोजे काढत होत्या. मग म्हणाल्या, "काका, कीडच इतकी खोल होती, की नस तशीही गेली असती कदाचित. ते आज कोणीच सांगू शकणार नाही. आणि परत तपासल्याशिवाय सोडायला नको होतं, ते माझं काम होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ही तिसरी कथा. तीही मला मान्य नाही, असे मी त्यांना तिथेच सांगितले. नस कदाचित गेली असती. पण चार महिने चावताना जी कळ तिने सोसली, ती त्या उंच जागेची होती, आणि दुसरी चिंधी हातात असताना त्यांना थांबवणारा मी होतो. "तुम्ही मला सूट देऊ नका," मी म्हणालो, आणि सुनेसाठी शनिवारची वेळ घेऊन आलो.

त्या संध्याकाळी मुलगी माहेरी आलेली होती. मुलगा, सून आणि ती जेवायला बसले असताना मी सगळे सांगितले. मुलगा आधी मानेचना.

"बाबा, तुम्ही उगाच त्यांना वाचवताय. तुम्ही काय दातांचे डॉक्टर आहात?"

"ठिपका ओळखायला डॉक्टर लागत नाही."

"दादा, बाबा खरं सांगतायत," मुलगी मध्येच म्हणाली. तिने ताटातून हात काढला. "आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी कळलं होतं तिला, उंच लागतंय म्हणून. मी म्हटलं, उद्या जाऊन घासून घे. तर म्हणाली, ह्यांनी बरोबर म्हणून सांगितलंय त्या बाईला. आता परत जायचं म्हंजे ह्यांना खोटं पाडायचं. ऱ्हाऊ दे, बसंल आपोआप."

मी लगेच वाद घातला. बधिरपणा इतक्या लवकर उतरत नाही, तू तेव्हा सासरी होतीस, तुझ्या लक्षात चुकीचे राहिले असेल. मी बोलत होतो आणि ती ऐकत होती. माझे मुद्दे संपले.

मुलाने विचारले, "मग बाबा, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

मला कोणी विचारलेच नाही, हे उत्तर माझ्याजवळ बारा वर्षांपासून तयार होते. ते मी दिले नाही. मी सुनेला सांगितले, "शनिवारी मी सोबत येईन, पण बाहेर बसेन. चावायला सांगितलं की तुझं तूच बोल. घाई करू नकोस."