उतारावरचा गाळ

आमच्या संस्थेच्या छोट्या ट्रॅक्टरचा ब्रेक त्या दुपारी निकामी झाला नव्हता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. नारायणगडावर दरवर्षी हात जोडून उभा राहतो तेव्हाही, देवाला काय सगळं ठाऊकच आहे, या सबबीवर मी गप्प राहत आलो. गावात ती हकिकत वेगळी सांगतात. ब्रेक गेला, आण्णा (म्हणजे मी) वाचला, बाया वाचल्या, गडाच्या नारायणाने सांभाळलं. शेवटचं तेवढं खरं आहे. पहिलं खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यामुळे खरं ठरलं.

त्या साली दुष्काळ असा होता की तलावाच्या पोटात लोक गाळ उकरत होते आणि विहिरींच्या तळाशी पोरं चप्पल घालून फिरत होती. आमच्या गावातल्या काही घरांनी मिळून एक लहान सहकारी संस्था काढली होती. मी तिचा सचिव, आणि तात्या म्हणून गावातले एक वयस्क गृहस्थ चेअरमन. सगळ्यांच्याच जमिनी तुकड्यातुकड्यांच्या, त्यात सीताफळाच्या ओळी. मोठा ट्रॅक्टर त्यात शिरत नाही. म्हणून संस्थेने छोटा ट्रॅक्टर घेतला. गावातला तसला पहिलाच. खेळण्यातला वाटावा एवढा, पण फांदी न मोडता दोन ओळींतून जायचा. तो यायच्या आधीच एक गोष्ट ठरली होती: तो चालवायला माझा चुलतभाऊ भागवत. भागवत आणि त्याची बायको मीरा दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. ट्रॅक्टरचं काम मिळालं तर त्या दोघांना गाव सोडावं लागणार नव्हतं. मीरा आमच्या घरी येऊन म्हणाली होती, "आण्णा, ह्यावर्सी कोयता धुऊन ठिवते बगा आढ्याला."

कंपनीचा माणूस अर्धा दिवस शिकवायला आला. तेल कुठं बघायचं, रेडिएटरमध्ये पाणी कधी घालायचं, पहिले काही दिवस जोर कसा टाळायचा, सगळं त्याने नीट सांगितलं. सर्वांत जास्त वेळ त्याने ब्रेकवर घेतला. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रानात एक ओळ संपली की एकच दाबून जागच्या जागी वळता येतं. पण रस्त्यावर निघताना दोन्ही पायडलं एका कडीने जोडायची असतात. कडी उघडी राहिली आणि वेगात एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला फेकला जातो. त्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. हा ट्रॅक्टर वजनाने हलका आहे, याच्यामागे भरलेली पाण्याची टाकी लावू नका. उतारावर टाकीच ट्रॅक्टरला ढकलेल. हे सगळं मी सचिव म्हणून सभेत उभं राहून इतरांना पुन्हा समजावून सांगितलं. भागवतला तर मी कडी लावायची आणि काढायची इतक्या वेळा करायला लावली की तो वैतागून म्हणाला, "आण्णा, लगनात मंगळसूत्राची गाठ बी इतक्यांदा तपासली न्हवती."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

पाण्याचे हाल वाढले तशी टाकी लागलीच. माळावर आमच्या बोअरला थोडं पाणी टिकून होतं, गाव खाली. टँकर यायचा तेव्हा यायचा. तात्या म्हणाले, "तवर आपल्या बारक्यालाच जुंपा." मी नाही म्हणायला हवं होतं. पण बाया घागरी घेऊन उतार चढून येत होत्या, आणि खरं सांगायचं तर पाणी घेऊन गावात उतरताना लोक ज्या नजरेनं बघायचे ती मला आवडायला लागली होती.

त्या दिवशी सकाळी भागवतच्या जागी मीच ट्रॅक्टरवर बसलो आणि माळावर सीताफळात माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर फिरवला. वळायला सोपं म्हणून कडी मीच काढली. काम झाल्यावर रोटाव्हेटर सोडला, टाकी जोडली, भरली. कडी मात्र तशीच राहिली. घाईत नव्हतो. विसरलोही नव्हतो म्हटलं तरी चालेल, कारण खाली वाकताना ती मला दिसली होती. लावू खाली गेल्यावर, असं मनात आलं आणि मी बसलो. त्याच्या आदल्या दिवशी भागवतने पान्हा घेऊन ब्रेक थोडा कसला होता. मी शेजारी उभा होतो. त्याने उत्तम कसला होता.

त्याही आधी, सकाळीच, माझं एका परक्या माणसाशी भांडण झालं होतं. माळावरून गावाकडे उतरताना मध्ये एक वळण आहे, त्याच्या उजव्या अंगाला खोल ओढा. मी सकाळी वर जात असताना तिथे एक म्हातारा मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी करत होता. रस्त्याच्या कडेला तलावातल्या काळ्या गाळाचा डोंगर. माझं डोकं तापलं.

"रस्त्यावर कामून ओतला रं?"

"ओतला न्हाई, ओतावा लागला," तो शांतपणे म्हणाला. "टायर बसलं. भरल्या ट्रॉलीला जॅक लागत न्हाई."

"आमची पाण्याची टाकी यायचीय इथनं."

"येऊ दे की. गाळ हाय बाबा, वाघ न्हाई."

"सांजच्याला इथं ढेकूळ दिसलं न्हाई पाहिजे."

"उचलतो. राग जरा सावलीत ठेव, ऊन लई हाय."

त्याचं चाक त्याचा सोबती मोटारसायकलवर घेऊन पंक्चर काढायला तालुक्याला, वडवणीला गेला होता. म्हातारा बाभळीखाली बसून राहिला.

टाकी घेऊन मी उतरायला लागलो तेव्हा दुपार होती. उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आमच्याकडे सगळ्यांनाच खोड आहे. मीही सोडली. थोडा वेळ छान वाटलं. इंजिन हळू आवाजात, वारा तोंडावर, खाली वडाजवळ घागरींची रांग, आणि रांगेत पुढे मीरा. तिने हात वर केला. मग पाठीमागून धक्का बसला. टाकीतलं पाणी हिंदकळून पुढे आलं होतं, आणि त्या एका हिसक्यात ट्रॅक्टर माझा राहिला नाही. मी गिअर टाकायला गेलो. तो करकरला, पडला नाही. मी ब्रेकवर पाय मारला. माझा पाय उजव्या पायडलवर पडला, एकट्या उजव्यावर, आणि ट्रॅक्टरचं तोंड ओढ्याकडे झटकन वळलं. मी पाय उचलला. तोंड सरळ झालं आणि वेग वाढला. डावं पायडल पायाने चाचपडत होतो, सापडत नव्हतं. खाली बायांना वाटलं मी मजा करतोय. कुणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. मीरा अजून हात हलवत होती. वळणानंतर सरळ उतार, आणि उताराच्या टोकाला त्या सगळ्या.

ओढ्यात गेलो तर मी जाणार. नाही गेलो तर त्या. एवढंच उरलं होतं. मी शहाणपणाने ओढा निवडला असं लोक म्हणतात. नाही. मी काहीच निवडलं नाही. तोंडातून "नारायणा" एवढं निघालं, पाय पुन्हा त्याच चुकीच्या पायडलवर सगळ्या भाराने पडला आणि हातांतलं स्टेअरिंग सुटलं. ट्रॅक्टर उजवीकडे फेकला गेला. आणि उजवीकडे, ओढ्याच्या अलीकडे, तो गाळाचा ढीग होता.

धडक म्हणावी अशी बसलीच नाही. कुणीतरी मोठ्या मऊ हाताने धरून थांबवावं तसा ट्रॅक्टर आत शिरत गेला, बॉनेटपर्यंत रुतला आणि बंद पडला. टाकी तिरकी झाली, पण उलटली नाही. झाकणातून पाणी गळायला लागलं. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं.

पहिला पोचला तो बाभळीखालचा म्हातारा. त्याने आधी चावी बंद केली. मग खाली वाकून पायडलांकडे बघितलं. उघडी कडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती, कीव करणारीही नव्हती. त्याने अंगठ्याने कडी फिरवली आणि दोन्ही पायडलं जोडून टाकली. चालवणाऱ्या माणसाची सवय असेल, किंवा दुसरं काही असेल; ते मला आजही ठरवता येत नाही. मला दंडाला धरून त्याने खाली उतरवलं, गाळातच बसवलं आणि म्हणाला, "पाणी गळतंय, वाया चाललंय. बायांना हाक मार. त्यांचं भरू दे आधी, रडायचं ते मागनं रड."

बाया धावत वर आल्या. त्या गळणाऱ्या टाकीखाली एकीमागून एक घागर लागत होती आणि मी काळ्या चिखलात बसून बघत होतो. मीराने आपल्या घागरीतलं ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं. "काय ओ आण्णा, जीव काढलात की आमचा!" म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

गाव जमलं. तात्यांनी वाकून बघितलं. "कडी तर लावल्याली हाय," ते म्हणाले. "मंग ब्रेकच गेला." गाळात रुतताना ब्रेकची दांडी वाकली होती, त्यामुळे खरंखोटं करायला जागाच नव्हती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काल भागवत पान्हा घेऊन बसलता की तितं." भागवत पुढे आला.

"आण्णा, मी नीट कसलता. तुमी हुबे होता जवळ. सांगा की."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी भागवतच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे भागवत. चुकतं माणसाचं."

माझ्या चुकीसाठी मी त्याला क्षमा केली, आणि लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

या गडबडीत म्हाताऱ्याचं चाक आलं, त्याने ते बसवलं आणि निघाला. मी त्याच्यामागे गेलो. काय बोलायला, ते मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "गाळ राहू दे तुमालाच. कामी आला." त्याचं नाव, गाव कुणीच विचारलं नाही. पुढे वडवणीच्या बाजारात मी बऱ्याच जणांकडे चौकशी केली. कुणालाच सांगता आलं नाही. गावात म्हणतात तो देवच होता. मी त्यावर बोलत नाही. टायर बसलेला एक माणूस होता तो, आणि त्याचं टायर नेमकं तिथेच बसलं, एवढंच मला माहीत आहे.

ट्रॅक्टर दुरुस्त झाला. सभेत ठरलं, चावी भागवतकडे द्यायची नाही. कुणी वाईट बोललं नाही, सगळे सांभाळूनच बोलले. इतिवृत्तात ते मीच लिहिलं. हंगाम आला तशी मीराने आढ्यावरचा कोयता काढला आणि दोघं मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गेले. त्यानंतर किती हंगाम गेले ते मी मोजत नाही.

कितीतरी वर्षं मी असं धरून चाललो होतो की त्या म्हाताऱ्याने कडी लावली म्हणजे देवानेच माझी लाज झाकली. यंदा ते सोडावं लागलं. भागवत आणि मी मिळून नारायणगडावर गेलो होतो. त्याने नारळ फोडला, पाया पडला, आणि पायऱ्यांवर बसल्यावर म्हणाला, "आण्णा, मी हरसाल हितं माफी मागतो. त्या दिवशी माज्याच हातनं कायतरी ढिलं राहिलं असंल. देवानं बाया राखल्या. आन तुमी मला कधी एका शब्दानं बोलला न्हाईत, त्ये बी इसरत न्हाई मी." पाठ दुखते म्हणून तो बोलताना एका हाताने कंबर दाबत होता. ऊस वाहून ती गेली आहे. मी त्याच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि खाल्ला.

त्या उतारावर मी हात सोडले तेव्हा मी देवाला शरण गेलो असं मला वाटत आलं. आता कळतं की हात तर भीतीनेही सुटतात. ज्याच्यावर आपलं नाव, आपला मान उभा आहे ते सोडणं म्हणजे शरण जाणं, आणि ते मी अजून केलेलं नाही. देवाने माझा जीव राखला, त्या बायांचे राखले, याबद्दल रोज सकाळी मी त्याच्यापुढे डोकं टेकवतो. कृपा झाली यात मला शंका नाही. ती खरं बोलायला सवड म्हणून मिळाली होती, आणि मी तिच्यावर घर बांधून राहिलो.

हे लिहून झालं आहे, पण भागवतने वाचलेलं नाही. संस्थेच्या सभेत, तात्यांच्या आणि सगळ्या गावाच्या देखत, त्याचं चांगलं नाव त्याला परत देणं मी लागतो. ते अजून दिलेलं नाही.