अण्णाची हजेरी

चामराजपेटच्या आमच्या घरात रोज सकाळी सातला हजेरी व्हायची. माझा थोरला भाऊ, अण्णा, हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेखातर बिनतारी यंत्रावरून गावोगावच्या लोकांशी बोलणारा. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेला. गच्चीवरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेली तार आणि खोलीत एक यंत्र, एवढाच त्याचा संसार. म्हैसूरचे एक निवृत्त शिक्षक त्या यंत्रातून एकेकाचं सांकेतिक नाव पुकारायचे आणि गावोगावची माणसं ‘आहे’ म्हणायची. मग बोलणं काय, तर हवा, तार आणि गुडघेदुखी. मी फोडणी देता देता ऐकून हसायची.

मीही परीक्षा द्यावी म्हणून अण्णानं वीस वर्षं माझं डोकं खाल्लं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याचा नियम मात्र कडक होता. परवाना नसेल त्यानं माईकचं बटण दाबायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

यंदा ह्या परवान्यावर दरवर्षी शुल्क लावायचा प्रस्ताव आला आणि सरकारनं हरकती मागवल्या. अण्णानं मला कॉम्प्युटरसमोर बसवून मजकूर सांगितला. पेन्शनीतल्या माणसाला हे नाकापेक्षा मोती जड होईल, नवी पोरं इकडे फिरकणार नाहीत, पुरात फोन बंद पडतात तेव्हा हीच माणसं फुकट निरोप पोहोचवतात. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचायला लावलं: ‘परवाना परीक्षा देऊन मिळवलाय, भाड्यानं घेतलेला नाही.’

मी म्हटलं, स्वल्प नरम लिहू या.

"सरी, ठीक आहे, मग तू तुझी वेगळी लिही," म्हणाला.

पाठवायचं उद्यावर ठेवलं. त्याच संध्याकाळी गच्चीचा जिना चढताना अण्णा पायरीवर बसला, तो उठलाच नाही.

मला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्यांशी बोलत होते, कोण आलं कोण गेलं ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी हरकतींची मुदत संपत होती. मी अण्णाची हरकत त्याच्याच नावानं पाठवली, शिक्षकांनाही एक प्रत गेली. मेलेल्या माणसाची हरकत चालते का, हे कुणाला विचारलं नाही. विचारावं इतकंही काही वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी सातला मी यंत्र लावलं. शिक्षकांनी हरकत पाठवणाऱ्यांची यादी वाचली, त्यात अण्णा होता. मग त्यांनी त्याला पुकारलं. थांबले, पुन्हा पुकारलं. गावाला गेला असेल, कुणीतरी म्हणालं. मी फोन करायला हवा होता. पण कळवलं की नाव हजेरीतून जाणार, म्हणून आठवडाभर नुसती ऐकत बसले.

शेवटी शिक्षकांना फोन केला, अण्णा गेल्याचं सांगितलं. कधी गेला ते त्यांनी विचारलं, मग म्हणाले,

"अक्का, ती हरकत त्यानं पाठवली की तुम्ही?"

मी खरं सांगितलं. ते हळूच म्हणाले, मागे घ्या, नाहीतर आमच्या सगळ्यांच्याच हरकतींवर शंका घेतील. त्याच दुपारी मी ती मागे घेतली. अण्णा गेला त्या दिवशी वाटलं नव्हतं, ते तेव्हा वाटलं. त्याचं तोंड मीच बंद केलं.

गेलेल्या माणसाला हजेरीत शेवटचं एकदा पुकारायचं आणि मिनिटभर सगळ्यांनी गप्प राहायचं, अशी त्यांची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी सातला शिक्षकांनी अण्णाला पुकारलं. माईक माझ्या हातात होता, अंगठा बटणावर. ‘आहे’ एवढंच म्हणायचं होतं.

मिनिट संपलं. मी बटण दाबलं नाही. आयुष्यात अण्णाचं ऐकलं ते एवढंच.