पालखीपुढची घोडी

आमच्या परंदवडीत गोरखएवढा कष्टाळू माणूस नाही, असं गोरखच सांगतो. शेती भावाच्या अंगावर टाकून हा वरातीत घोडी नाचवतो.

घोडी मात्र गुणाची. आधी मान लववायला शिकली, मग पुढचा पाय उचलायला, मग मागच्या दोन पायांवर उभं राहायला. एकेक कसब गोरखने चाबकाने शिकवलं आणि वर म्हणे, "लय माया लावली तिला." मग सगळी कसबं हलगीच्या एका ठेक्यावर ओळीने बसवली. शेवटचं त्याच्याच डोक्यातलं: घोडी मेल्यासारखी आडवी पडायची आणि तोंडात नोट दिल्याशिवाय उठायची नाही. लोणावळ्याच्या बंगल्यांवरच्या लग्नांत नवरदेवाचे मामा हसत हसत नोट द्यायचे.

एवढ्यावर भागलं नाही. त्याला भैरवनाथाच्या पालखीपुढे चालायचा मान हवा झाला. तो मान पालखीचे मानकरी नथूआबा यांच्या घोडीचा होता, पण ती म्हातारी होऊन गेली. गोरखने आबांचा उंबरा झिजवला. आबा म्हणाले, "आण. पर देवाम्होरं नुसती मान लववायची. बाकीचं चाळं न्हाई."

"आबा, माज्या शब्दाभाईर न्हाई ती."

जत्रेला पालखी देवळाबाहेर आली, हलगी कडाडली. घोडीने मान लववली. माझे हात जोडलेलेच होते, खोटं कशाला बोलू, भरून आलं. पण ओळ सुरू झाल्यावर मध्येच थांबायचं, हे त्या मुक्या जिवाला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने पाय उचलला, दोन पायांवर उभी राहिली आणि पालखीच्या ऐन वाटेत मढ्यासारखी आडवी पडली. हलगी थांबली तरी हलेना. खांदेकरी ताटकळले.

गोरखने लगाम ओढला, लाथ घातली. मग लोकांपुढे हात पसरला, "आरं, कुनीतरी नोट द्या की!"

आबांची थोरली बहीण शालूबाई खेकसली, "मुडद्या, देवाच्या दारात बी बिदागी मागतो व्हय रं?"

"मावशी, जनावराला काय कळतंय?"

"जनावर शिकीवलं तसंच करतंय. तुज्या खिशात घाल की हात!"

घातला. खिसा फुगलेलाच होता. नोट तोंडात जाताच घोडी उठली. आबा एवढंच म्हणाले, "हो बाजूला." पालखी त्याच्या शेजारून पुढे गेली. त्यानंतर पालखीपुढे कुणी त्याला उभं केलं नाही.

हल्ली तो सोमाटण्याच्या टपरीवर चहा पीत सांगतो, "आमची घोडी देवाला साष्टांग दंडवत घालती." ऐकणारे परगावचे. ते बिचारे हात जोडतात.