चिमूटभर रेती

आमच्या शेजारचे मामा बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासत राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस भाजीत मीठ टाकतोय. हातात काही नसायचं. कुणी आपली अडचण सांगायला लागलं की बोटं आणखी जोरात चालायची. "घाबरू नको. चिमूटभर रेती, नि चढी जाई."

कुणाच्या लेकीचं लग्न जुळत नसो की कुणाची म्हैस दूध चोरत असो, मामांचं औषध हे एकच.

रेतीची गोष्ट सांगते. सीमेपलीकडे, गायकवाडी मुलखातल्या जंगलात, सागाचे ओंडके वाहणारी एक छोटी आगगाडी होती. रूळ इतके जवळजवळ, की मधे खाट टाकली तर पाय बाहेर यावेत! चढणीला दव पडलं, पानं पडली, की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. म्हणून पुढच्या बाजूला दोन माणसं बसवायचे, रुळांवर रेती सोडायला. डावीकडचे आमचे मामा! त्यांच्या चिमटीनं अख्खी गाडी डोंगर चढायची, बघा.

पुढे लढाईच्या वर्षांत तिचे रूळ उखडून नेले. मामा नवापूरजवळच्या आमच्या गावी परत आले आणि पत्र्याचे डबे, दिव्याच्या चिमण्या, नरसाळी बनवायला बसले. एकटा जीव. माझ्या सासूबाई त्यांना राखी बांधायच्या, म्हणून मी नवी सून असले तरी त्या घरात मला मोकळीक होती. नवापूर स्टेशनात मोठी गाडी येते, ती बघायला लोक गाडीबैल जुंपून जायचे. मामा कधी गेले नाहीत. "ती जवाईसारखी शे," म्हणायचे, "फुगेल. मन्ही छोटी घरनी पोर व्हती."

मग एके दिवशी सासूबाईंचा पितळी तांब्या नाहीसा झाला.

त्या सरळ मामांच्या ओट्यावर. बघतात तर तांब्या आडवा, त्याला धुराडं, खाली निखारे आणि बाजूला पत्र्याची चाकं! कापसाच्या गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्ट्यांचे रूळ अंगणभर पसरलेले.

"तुन्हा इंजिनले आग लागो, भाऊ!"

"आग तं लागेलच शे, आक्का. च्या ठेऊ का?"

काय दिवस होते ते! पहिल्यांदा वाफ धरली तेव्हा धुराड्याची टोपी उडून आमच्या वाळत घातलेल्या पापडांत पडली. दुसऱ्यांदा इंजिन चाललं, पण उलटं. तिसऱ्यांदा ते छक् छक् करत अंगण ओलांडून गेलं आणि आमची कोंबडी तीन दिवस घरी आली नाही. मी स्वयंपाक सोडून धावायची. सासूबाई रागवायच्या, आणि माझ्याआधी कुंपणाशी पोचायच्या.

पण मामांच्या मनात खेळ नव्हता. पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, त्याखालून गावचे बैल जातात. आमच्याकडे रीत अशी की पाटील विचारणार, "कोना बैल?" आणि धन्यानं छाती काढून म्हणायचं, "मन्हा!" ज्याच्या घरी बैल नाही, त्यानं बाजूला उभं राहून बघायचं. मामांचं घर बापाच्या वेळेपासून बाजूलाच उभं होतं.

मामा पाटलांकडे गेले. "पोटले आग लागस, पाणी पेस, वझं वढस. मंग बैल नही तं काय?"

पाटील पोट धरून हसले. मग मिशा पुसत म्हणाले, "सोताना पायवर तोरण वलांडी जाई तं बैल. कोन्ही हात लावा तं खेळनं."

गावभर बातमी! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. सासूबाई वाटी घेऊन मामांच्या ओट्यावर गेल्या आणि इंजिनाला आडवंउभं चोळून आल्या. मी म्हटलं, "आई, ते पितळ आहे." त्या म्हणाल्या, "बैल शे ना? मंग खांदा नको मयाले?"

दुसऱ्या दिवशी वेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा नवी कोरी बंडी घालून आलेले. तांब्याला झूल, धुराड्याला गोंडा. बैलजोड्या गेल्या, मग रूळ मांडले, निखारे फुलवले. छक्... छक्... निघालं! पोरं ओरडायला लागली.

वेशीजवळ वाट जराशी चढणीची. तिथे चाकं गरगरा फिरायला लागली आणि इंजिन जागचं हलेना. रात्रीचं तूप चाकांवर उतरलं होतं.

"पाय घसरी ऱ्हायना!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मामांचा हात खिशात गेला आणि तसाच राहिला. रोजच्या बंडीत मूठभर रेती असायचीच. ही बंडी नवी होती.

ते रिकामी बोटं घासत उभे राहिले. निखारे विझत चालले होते.

तोरणाखालची रांगोळी त्या वर्षी सासूबाईंकडे होती. रांगोळीची वाटी अजून हातातच. त्या पुढे झाल्या, वाकल्या आणि चाकांपुढे दोन्ही रुळांवर चिमटीनं शिरगोळ्याच्या दगडाची जाडसर रांगोळी सोडत गेल्या, सरळ तोरणाच्या पार.

"ओ आक्का, हात लावा का?" अट आठवून देत पाटील गरजले.

"बैलले कोनी हात लावा? मी तं वाटवर रांगोयी काढी ऱ्हायनू. सनना दिन शे!"

चाकांनी रांगोळी पकडली. एक हिसका, आणि छक् छक् छक् करत आमचा तांब्या तोरणाखालून पलीकडे! काय तो गलका! बैल बुजले, वाजंत्री वाजवायचं विसरले.

पाटलांनी इंजिनावर गुलाल टाकला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोना बैल?"

मामा इंजिनाकडेच बघत होते. एरवी तोंड मिटायचं नाही त्या माणसाचं. नुसती बोटं हलत होती.

"आमना!" सासूबाई ओरडल्या.

त्यानंतर दर पोळ्याला पाटील सगळ्यात शेवटी थांबून विचारायचे आणि मामा अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं "मन्हा!" म्हणायचे. इंजिनाच्या वाटणीची पुरणपोळीही तेच खायचे.

मामा एका उन्हाळ्यात गेले. त्यांचे कपडे आवरताना आम्ही दोघींनी ती पोळ्याची बंडी झटकली, तर खिशातून सर्रकन रेती सांडली. सासूबाई खाली बसल्या. जमिनीवरून कण न् कण टिपला आणि रांगोळीच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

त्या वर्षी पोळ्याला तोरणाखाली त्यांनी दोन सरळ रेघा ओढल्या, जवळजवळ, मधे खाट मावणार नाही इतक्या. सगळे बैल त्या रेघांवरून गेले.