वरच्या मजल्यावरची मोटरसायकल

माझ्या मामांचा या जगात कोणावरही विश्वास नाही. पेट्रोल पंपाच्या मीटरवर नाही, हवामान खात्यावर नाही, आणि "सहज आलो होतो" म्हणणाऱ्या पाहुण्यावर तर मुळीच नाही. महाडसारख्या गावात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे त्यांनी आयुष्यभर जीव लावला तो एका मोटरसायकलला. पण विश्वास तिच्यावरही टाकला नाही. गाडी उभी करून चार पावलं गेले की झटकन मागे वळून बघायचे, जणू ती तेवढ्यात कोणाशी तरी बोलणार होती.

गाडी जुनी, क्रूझर जातीची. लांबलचक, बुटकी, चकचकीत टाकीची. हँडल इतकं उंच की दुरून मामा पोलिसांना शरण आल्यासारखे दिसत. तिच्यावर बसणं म्हणजे आरामखुर्चीत बसून गावाला जाणं. पाचाडच्या रस्त्याला भातशेतांमधून ती धपधप करत निघाली की बांधावरची माणसं कंबर सरळ करून बघत, आणि मामा न बघितल्यासारखं करून सगळं बघत. फक्त ही आरामखुर्ची वळत नसे. आमच्या गल्लीत ती वळवायची तर आधी शेजाऱ्यांची तुळस हलवावी लागे. मागची सीट वहीएवढी. शाळेत असल्यापासून मी तिच्यावर बसत आले आणि वरंधच्या घाटातलं प्रत्येक वळण डोळे मिटून पार केलं. इंजिनाची धग पोटरीला लागे ती वेगळीच. एखादा पार्ट गेला की तो पुण्याहून मागवावा लागे, मग तो अस्सल नाही असा मामांना संशय येई, पार्ट परत जाई आणि गाडी महिनाभर उभी.

गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. मला इंग्रजी वाचता येऊ लागल्यावर मामांनी पहिलं काम सांगितलं ते हेच. "बारीक अक्षरातलं आधी वाच. लपवायचं असतं ते बारीक लिहितात." बारीक अक्षरात लिहिलं होतं, गाडी पुसायला मऊ फडकं वापरावं. "आणि त्याच्या खाली?" "खाली काही नाही, मामा." "तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले.

पावसाळ्यात सावित्री नदी चढली की महाडमधले लोक आपापल्या गाड्या उंचावर नेऊन लावतात. उंचावरच्या लोकांवर मामांचा विश्वास नव्हता. म्हणून दरवर्षी जिन्यावर फळ्या टाकून ते मोटरसायकल पहिल्या मजल्यावर चढवत. शेजारचे चौघे खालून ढकलत आणि मामा वरून ओरडत, "हात कुठे लावलास रे? मडगार्ड सोड!" मग दसऱ्यापर्यंत ती हॉलमध्ये. पाहुणे सायलेन्सरला गुडघे टेकवून चहा पीत, आणि मामी त्या उंच हँडलवर ओले टॉवेल वाळत घालत. "कशाला तरी उपयोग झाला," म्हणत. तिच्या जागी फरशीवर तेलाचा एक काळा डाग पडला होता. तो मामा पुसू देत नसत. डाग मोठा झाला तर गळती कळते, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी मामांचा गुडघा गेला. पोलादपूरच्या स्टँडसमोर मी मागून उतरले आणि उभी गाडी त्यांच्यावर कलली आणि त्यांना ती पेलेना. रिक्षावाल्यांनी धावत येऊन सावरली. मामा कठड्यावर बसून राहिले. "मामीला सांगू नकोस," म्हणाले. मग गाडीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "विकायला हवी गो."

गिऱ्हाइकं येऊ लागली तसं मामांनी मला अंगणात उभं केलं. "तू फक्त बघ. बोलू नकोस." हे काम मला जमण्यासारखं होतं. आल्या आल्या हॉर्न वाजवणारा बाद. मायलेज विचारणारा बाद. आरशात भांग पाडणारा तर फाटकातूनच परत. आणि प्रत्येक जण, महाडात जुनी गाडी घेणारा विचारतोच तसं, विचारायचा, "पुरातली हाय काय?" पुरात बुडालेल्या गाड्या इथे धुऊन, रंगवून विकल्या जातात. पण मामांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मग एके दिवशी डोंगरावरच्या कुडपणचा एक माणूस आला. मुंबईत टेम्पो चालवून गावी परतलेला. तो गाडीवर बसलाच नाही. खिशातून बॅटरी काढून सीटखाली गाळ शोधला. हेडलाइट उघडून आत नाक घातलं. मग त्याची नजर जिन्याच्या भिंतीवर गेली.

"ह्ये टायरचे पट्टे कसले, मामा?"

"गाडी वर नेतो पावसाळ्यात."

"वर? मला काय येडा समजता काय?"

तो तडक जिना चढला. हॉलमधल्या डागापाशी उकिडवा बसला, त्यावर बोट घासलं आणि वास घेतला. मामा दारात उभे राहून त्याच्याकडे असे बघत होते की तसं त्यांना कोणाकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"माणूस संशयी आहे गो," ते माझ्या कानात म्हणाले.

"हो, मामा."

"मग सांभाळील."

गाडी गेली.

यंदा जुलैत नदी चढली आणि नगरपालिकेचा भोंगा वाजला. मामा गुडघा धरून उठले आणि जिन्याखालच्या फळ्या ओढू लागले. "आता काय चढवताय?" मामी म्हणाल्या. "मला?" मामा थांबले. हातातली फळी हळूच भिंतीला लावली. मग वर हॉलमध्ये येऊन त्यांनी मला कुडपणला फोन लावायला सांगितला.

"गाडी कुठाय?"

"पडवीत हाय, मामा."

"वर घे. भोंगा झाला."

पलीकडे तो हसला. "मामा, कुडपणला पूर यायचा तर आधी अर्धा महाराष्ट्र बुडायला पायजे."

"ते असू दे. वर घे."

तिकडचं हसू थांबलं. मग तो म्हणाला, "घेतो, मामा. आत्ता घेतो."

फोन ठेवून मामांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं बोलला?"

बघायचं काम माझं. पण फोनवर मला काय दिसणार? कुडपणला वरचा मजला असलेली घरं मोजकीच. "खरं बोलला," मी म्हटलं.

मामा माझ्या चेहऱ्यावर काही तरी शोधत राहिले, बारीक अक्षरातलं. मग मान हलवून त्यांनी खुर्ची ओढली आणि अजून कोणी काहीही न ठेवलेल्या त्या मोकळ्या जागी, डागावर पाय पडणार नाही असे, जाऊन बसले.