चाचांचा उजवा डोळा

आमच्या गुलमंडीतल्या चाचांइतका विचार करून लोक लग्नं करू लागले, तर निम्मा महाराष्ट्र बिनलग्नाचा राहील. चाचांचा स्टुडिओ माझ्या दुकानाच्या माडीवर. त्यांच्या जुन्या, मोठ्या कॅमेऱ्याला पाठीमागं फिल्मऐवजी डिजिटल बॅक लावायची होती. बसणाऱ्या बॅका दोनच, आणि त्यांतली एक निवडायला चाचांना तीन वर्षं लागली. जुनीला ते थोरली म्हणत, नवीला धाकटी. दोघींना पुण्याहून भाड्यानं आणायचं, आणि दोघींची परीक्षा एकच : चाचांच्या अब्बांनी स्वतःच्या मागावर विणलेली हिमरू शाल. ती आता हात लागला तरी विरत होती. ती कायमची पेटीत जाण्याआधी तिचा रंग जसाच्या तसा पकडायचा, हा चाचांचा ध्यास. एकदा माझा चहाचा पेला शालीजवळ गेला, तर त्यांनी मला जिन्यात बसून चहा प्यायला लावला.

नुसत्या डोळ्यांनी काही पाहणं चाचांना मंजूरच नव्हतं. शाल चाची मांडत. चाचा तोवर डावा डोळा मिटून, उजवा कॅमेऱ्याला लावून तयार. भाजीसुद्धा ते डावा डोळा मिटूनच निवडत. त्यावरून एकदा भाजीवाली भडकली, तेव्हा चाची मध्ये पडल्या म्हणून निभावलं. फोटो मात्र कॉम्प्युटरवर दोन्ही डोळ्यांनी पाहत.

"थोरली खरी बोलती," ते मला सांगत. "अब्बांची शाल हिरवी, तर हिरवीच दाखवती. धाकटी लई खोटारडी, निळी म्हणती."

"नीलीच है," चाची म्हणत.

"तुमको रंगां का क्या मालूम?"

अखेर थोरलीच विकत घ्यायचं पक्कं झालं. शाल समोर मांडलेलीच होती; चाचा पुण्याला फोन लावणार, तोच चाची पुढं झाल्या, ओढणीला हात पुसले आणि चाचांचा उजवा डोळा तळव्यानं झाकला. "अब देखो."

शाल निळी होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता आणि त्याची पिवळी झाक निळ्याला हिरवं करत होती; थोरलीचा चुकीचा हिरवा त्याच्याशी जुळला, म्हणून ती खरी ठरली होती. दुसरा कुणी रागावला असता. चाचांनी धाकटीवर हात ठेवून तिची माफी मागितली, मग चाचींची. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धाकटी घरात आली, शाल पेटीत गेली, डोळ्याचं ऑपरेशनही झालं. परवा भिंतीवर लावलेल्या शालीच्या निळ्या फोटोसमोर चाचा बराच वेळ उभे होते.

"अब्बांनी निळीच विणली होती," ते म्हणाले. मग हळूच, "पण हिरवी बी चांगली दिसत होती, नाय का?"

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर, चाचांवर विश्वास ठेवून मलाही ती हिरवीच दिसायची.